एका जिल्ह्यातल्या तीन भाकऱ्या: रेशन आणि शालेय आहार ठरवणाऱ्यांना खुलं पत्र

प्रति,
अन्न व नागरी पुरवठा विभाग, तसेच शालेय पोषण आहाराच्या पाककृती ठरवणारे अधिकारी व तज्ज्ञ,
महाराष्ट्र शासन

विषय: रेशनचं धान्य आणि शाळेतलं जेवण पाऊसमान पाहून तालुकावार ठरवण्याबाबत

महोदय,

सविनय नमस्कार.

शेतकऱ्याला बियाणं सुचवताना शासन महाराष्ट्राचे ९ कृषी-हवामान विभाग धरतं. कोकणातलं भाताचं वाण दुष्काळी आटपाडीच्या माळावर पेरा, असं कुठलाही कृषी अधिकारी सांगणार नाही. रब्बी ज्वारी कोकणातल्या राजापूरला करा, असंही कुणी म्हणणार नाही. पण त्याच शेतकऱ्याला रेशनवर धान्य द्यायचं असतं आणि त्याच्या मुलाला शाळेत जेवू घालायचं असतं, तेव्हा हे विभाग कागदावरून पुसले जातात. राजापूरला गहू-तांदूळ, आटपाडीलाही गहू-तांदूळ. म्हणून माझी मागणी आधीच सांगून टाकते: जे पाऊसमान बियाण्याला लागू आहे, ते ताटालाही लागू करा.

मी सातारा जिल्ह्यात प्राथमिक शाळांमधून शिकवलं. बदल्या होत गेल्या तशी पाटणच्या डोंगरात राहिले, कराडजवळच्या बागायती गावात राहिले आणि नोकरीची शेवटची वर्षं माण तालुक्यात काढली. जिल्हा एकच, जिल्हा परिषद एकच, पुस्तकं तीच. पण मधल्या सुट्टीत मुलांचे डबे उघडले की आपण कुठे आहोत ते नकाशा न बघता कळायचं.

महाबळेश्वरला वर्षाकाठी साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो. तिथून रस्त्याने सव्वाशे किलोमीटरच्या आत माण तालुक्यातलं दहिवडी आहे. तिथे पाचशे मिलिमीटर पडला तर लोक म्हणतात, यंदा बरं झालं. नैर्ऋत्येकडून आलेले ढग सह्याद्रीला अडतात, वर चढताना थंड होतात, घाटमाथ्यावर रिते होतात आणि पूर्वेला उतरेपर्यंत त्यांच्यात देण्यासारखं फार काही उरत नाही. पर्जन्यछाया हा शब्द मुलं पाठ करतात. मी त्यांना सांगायची, तुमच्या डब्यातली भाकरी बघा. घाटमाथ्याच्या ओलीत नाचणीची, मधल्या काळ्या रानात ज्वारीची, माणदेशात बाजरीची. या तिन्ही भाकऱ्या एका जिल्ह्यात भाजल्या जातात, आणि तिन्हींची कारणं आकाशात आणि जमिनीत आहेत.

डोंगराकडून सुरुवात करते. पाटण, जावळी, महाबळेश्वरच्या उतारांवर पाऊस इतका की माती जागेवर ठरत नाही. सपाट खाचर मिळालं तिथे भात होतो, पण तशी जागा थोडी. बाकी सगळी वरकस जमीन, तांबडी आणि पातळ. तिथे नाचणी आणि वरी. उन्हाळ्यात पालापाचोळा, गवत, शेणकूट पसरून राब भाजायचा, पावसाच्या तोंडावर त्यात रोप टाकायचं आणि आषाढात भर पावसात, डोक्यावर इरलं घेऊन ते उतारावर लावायचं. नाचणीचं मोल मात्र पीक घरात आल्यावर कळतं. पावसाळ्यात त्या घरांच्या भिंतींना पाझर फुटतो, पीठ जमतं, डाळीला बुरशी धरते. अशा ओलीतही नाचणीचा दाणा टिकतो. तो इतका बारीक आणि टणक की किडीला आत शिरायला वाव नाही. नीट वाळवून कणगीत भरून ठेवली तर ती वर्षानुवर्षं टिकते. जून ते सप्टेंबर ज्या वाडीचा रस्ता बंद असायचा, त्या वाडीने भरवशाचं धान्य म्हणून नाचणी निवडली यात नवल नाही. आणि वरी, जी बाकी महाराष्ट्र भगर म्हणून फक्त उपवासाला खातो, ती इथे रोजच्या जेवणात भाताच्या जागी असायची.

भाजीचंही तसंच. पावसाळ्यात मळा करता येत नाही, पाल्याला ऊन मिळत नाही. पण रान स्वतःहून देतं: भारंगी, टाकळा, कुर्डू, करटुली. ओढ्यात खेकडे. माझ्या वर्गातली मुलं पहिल्या पावसानंतर दोन-तीन दिवस शाळेला दांडी मारायची, ती खेकड्यांसाठी. त्यांचं वर्षातलं सगळ्यात ताजं, सगळ्यात सकस खाणं त्या आठवड्यांत व्हायचं, म्हणून मी कधी रागावले नाही.

कराडकडे कृष्णा-कोयनेचं पाणी, खोल काळी जमीन. ऊस, गहू, हळद, भाजीपाला. तिथे काय पिकवावं याचं उत्तर पाण्याने दिलेलं आहे आणि तिथल्या ताटाबद्दल माझं काही गाऱ्हाणं नाही. ज्वारी तिथेही आवडीने खातात, पण ती हौसेची होत चालली आहे.

माणदेशाबद्दल मात्र सविस्तर लिहिणार आहे, कारण तिथल्या खाण्याला 'गरिबाचं खाणं' असं नाव पडलं आहे आणि ते मला मान्य नाही.

माणमध्ये दोन प्रकारची जमीन शेजारी शेजारी असते. माळावरची हलकी, मुरमाड. आणि ओढ्याकाठची काळी. माळावर पाणी धरत नाही, म्हणून तिथे लवकर येणारं पीक हवं. बाजरी तीन महिन्यांच्या आत हाताशी येते. तिच्या ओळींमध्ये मटकी आणि हुलगा पेरतात. ही कडधान्यं जमिनीवर पसरतात, ओल झाकून ठेवतात, आणि पाऊस दगा देऊन बाजरी गेली तरी हुलगा काहीतरी देतोच. काळ्या रानाचं गणित उलटं. तिथे पावसाळाभर नुसती मशागत करायची आणि उत्तरा-हस्ताच्या पावसाची वाट बघायची. ओल भरली की शाळू, म्हणजे रब्बी ज्वारी, पेरायचा. पुढे आभाळातून थेंब पडला नाही तरी जमिनीच्या पोटातल्या ओलीवर आणि थंडीवर ते पीक उभं राहतं, पौषात हुरड्याला येतं आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये निघतं. त्या रानाच्या कडेने करडईच्या काटेरी ओळी असतात. काट्यांमुळे जनावर आत शिरत नाही, कोवळी असताना तिच्या पाल्याची भाजी होते, आणि बी निघालं की वर्षाचं तेल. कुंपण, भाजी आणि तेल एकाच झाडातून काढणारी ही शेती कुणी पुस्तकात बघून केलेली नाही.

खाणंही याच वेळापत्रकाने चालतं. बाजरी नवी येते आणि मागोमाग थंडी पडते, म्हणून बाजरी थंडीत खायची. भोगीला तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि हरभऱ्याचे घाटे, पावटा, वांगी, गाजर, बोरं घालून केलेली मिसळीची भाजी असते. जानेवारीच्या मध्यावर कोरडवाहू रानात आणि मळ्यात जे जे उभं असतं, तेच त्या दिवशी भांड्यात असतं. थंडीच्या रात्री हुलग्याचं माडगं, हुलग्याच्या पिठाचे शेंगोळे. उन्हाळा लागला की बाजरी बाजूला आणि ज्वारी ताटात. आणि चैत्र-वैशाखाचं जे ऊन माणूस बाहेर पडू देत नाही, ते वाळवणाच्या कामी लावायचं: सांडगे, कुरडया, वाळवलेली गवार, हरभऱ्याचा सुकवलेला पाला. पुढच्या टंचाईच्या महिन्यांची भाजी अशी उन्हातच तयार होते. डोंगरात हे शक्य नाही, तिथे वाळवायला ऊन असतं तेव्हा वाळवायला भाजी नसते.

साठवणही हवामान ठरवतं. माणच्या कोरड्या जमिनीत पेवं खणायची. तोंड अरुंद, पोट रुंद, आत कडबा लावून ज्वारी भरायची आणि वरून मातीने बंद करायचं. आतल्या हवेतला प्राणवायू संपल्यामुळे किडे जगत नाहीत. माणूसही जगत नाही, म्हणून पेव उघडल्यावर आधी दोराने कंदील खाली सोडायचा. तो विझला नाही तरच कुणीतरी उतरायचं. म्हाताऱ्या माणसांना पेवातल्या ज्वारीचा आंबूस वास अजून आठवतो. हीच युक्ती पाटणच्या पावसात केली असती तर आठवड्यात धान्याचा लगदा झाला असता.

आंबटाचं एक उदाहरण देते, कारण ते लहान आहे आणि सगळं सांगून जातं. घाटमाथ्याच्या गावांत आमटीला आमसूल, कारण घाट उतरला की कोकण. देशावर चिंच, कारण चिंचेला कोरडी हवा मानवते. आणि माणमध्ये मी हरभऱ्याची आंब बघितली. थंडीत पहाटे हरभऱ्याच्या पाल्यावर आंबट दव असतं. रात्री त्यावर धुतलेलं पातळ धोतर अंथरायचं, उजाडायच्या आत ते उचलून वाटीत पिळायचं. कापडाला हात लावला की बोटं चुरचुरतात इतकी ती आंबट. पोटदुखीवर औषध म्हणून बाटलीत भरून ठेवतात. पाण्याची इतकी ओढ असलेल्या मुलखाने दवसुद्धा वाया जाऊ दिलं नाही.

हवामानाबरोबर ठिकाणही ताट ठरवतं. घाटवाटांनी, कुंभार्ली आणि आंबेनळीसारख्या घाटांतून, कोकणचं मीठ, सुकी मासळी, खोबरं वर चढायचं आणि देशावरचं धान्य, मिरची, गूळ, कांदा खाली उतरायचा. म्हणून समुद्रापासून इतक्या लांब असलेल्या माणच्या आठवडी बाजारात सुकट आणि बोंबील मिळतात, आणि भाकरीबरोबर परतलेली सुकट हा तिथला आवडता घास आहे. कोकणात ओला नारळ, पाटणला खोबरं, आणखी पूर्वेला गेलं की शेंगदाण्याचं कूट. कोण कुणाच्या किती जवळ राहतं, ते वाटणात दिसतं.

आता याच्याशी आपल्या विभागाचा संबंध काय, ते सांगते.

रेशनने भूक हटवली. हे मी मनापासून लिहिते, कारण ज्यांनी १९७२ चा दुष्काळ बघितला त्यांच्या शेजारी मी राहिले आहे. त्या वर्षी बाहेरून आलेली मिलो नावाची लाल ज्वारी आणि खडी फोडायच्या कामावर मिळालेली सुकडी यांवर लोकांनी दिवस काढले. मिलोच्या भाकरीची चव ती माणसं अजून विसरलेली नाहीत. त्यानंतर जेव्हा नियमाने गहू-तांदूळ घरात यायला लागला, तेव्हा त्याला प्रतिष्ठा मिळाली ती उगाच नाही. राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा २०१३ साली आला. प्राधान्य कुटुंबातल्या माणशी महिन्याला ५ किलो, अंत्योदय कुटुंबाला ३५ किलो. जानेवारी २०२३ पासून तेही मोफत. हा आधार काढून घ्या असं मी म्हणतच नाही.

पण त्याच कायद्यात भाव ठरवताना तीन धान्यं लिहिलेली होती: तांदूळ ३ रुपये, गहू २ रुपये आणि भरड धान्य १ रुपया किलो. म्हणजे ज्वारी, बाजरी, नाचणीची सोय कायद्याने पहिल्या दिवसापासून केली होती. २०१८ मध्ये केंद्राने त्यांना पौष्टिक तृणधान्य म्हणायचं ठरवलं, २०२३ हे आंतरराष्ट्रीय पौष्टिक तृणधान्य वर्ष म्हणून साजरं झालं, प्रदर्शनं भरली, शाळांमधून आम्ही फेऱ्या काढल्या, घोषणा दिल्या. फेरी संपल्यावर मुलं वर्गात येऊन भातच जेवली.

आणि फुकट गहू-तांदळाचा परिणाम शेतावर होतो. घरात खायला शाळू लागत नसेल, तर शाळू पेरायचा कशाला? विकायला म्हणून पेरावा तर काढणीला मजूर मिळत नाहीत, मळणीला खर्च, शिवाय पाखरं राखायची. मग ते रान हरभऱ्याला जातं, कांद्याला जातं किंवा पडीक राहतं. यात नुकसान फक्त भाकरीचं नाही. ज्वारीचं निम्मं मोल कडब्यात असतं. माणूस दाणे खातो आणि जनावर कडबा खातं, हा करार त्या प्रदेशात पिढ्यान् पिढ्या चालत आला आहे. माणसाला रेशन दुकानातून गहू मिळेल हो, पण दुकानातून म्हशीला कडबा मिळत नाही. २०१२-१३ आणि २०१८-१९ च्या दुष्काळात माणमध्ये चारा छावण्या उभ्या राहिल्या. माझ्या वर्गातली अर्धी मुलं छावणीत आई-बापाबरोबर, जनावरांच्या शेजारी राहत होती आणि तिथून शाळेत येत होती. पाऊस कमी पडला हे त्याचं मोठं कारण होतंच. पण गंजीला जुना कडबा असता, तर कितीतरी कुटुंबं आणखी काही आठवडे घरी राहू शकली असती. धान्य वाटपाच्या फायलीत आणि चारा छावणीच्या फायलीत संबंध आहे, तो कुणीतरी जोडायला हवा.

मधल्या काळात रेशनवर अधूनमधून ज्वारी आली, हे मला माहीत आहे. लोकांनी नाकं मुरडली, आणि तेव्हा अनेकांनी निष्कर्ष काढला की लोकांनाच ज्वारी नको आहे. लोकांना ती ज्वारी नको होती. खरिपातली हायब्रीड ज्वारी कणसात दाणे भरताना पावसात सापडली की काळी पडते, तिला बुरशी धरते, आणि तिच्या पिठाला विरी नसते. परातीत थापायला घेतली की कडा फाटतात, तव्यावर टाकताना तुकडे होतात. शाळूच्या पिठाची भाकरी हातावर फिरते, फुगते आणि दुसऱ्या दिवशीही मऊ राहते. जी बाई रोज पंधरा-वीस भाकऱ्या थापते तिला हा फरक पहिल्या उंड्यातच कळतो. हमीभावात तो कळत नाही. २०२५-२६ साठी जाहीर झालेला भाव बघा: हायब्रीड ज्वारी क्विंटलला ३,६९९ रुपये, मालदांडी, म्हणजे शाळूचं वाण, ३,७४९ रुपये. फरक ५० रुपयांचा. हायब्रीडचा उतारा जास्त, मालदांडीचा कमी. जी ज्वारी माणसं आवडीने खातात, ती या भावाने सरकारी केंद्रावर कोण घालणार? मग केंद्रावर येतो तो उरलेला माल, आणि त्यावरून ज्वारीची परीक्षा होते.

बाजरीचा प्रश्न वेगळा आहे. तिच्या दाण्यात तेलाचा अंश जास्त, त्यामुळे पीठ आठवडाभरातच कडवट व्हायला लागतं. म्हणून घरोघरी बाजरी थोडी थोडी दळतात. योजना आखणाऱ्या कुणाला बाजरीचं पीठ पाकिटात भरून जिल्हाभर पाठवण्याची कल्पना सुचली असेल, तर कृपा करून ती सोडून द्या. धान्य द्या. गावात गिरणी आहे.

आता शाळेकडे येते, कारण माझा जीव तिथे आहे.

पहिली ते पाचवीच्या मुलामागे दिवसाला १०० ग्रॅम आणि सहावी ते आठवीच्या मुलामागे १५० ग्रॅम धान्य, असं प्रमाण ठरलेलं आहे. महाराष्ट्रात ते प्रामुख्याने तांदळाच्या रूपात येतं. खिचडी, मसालेभात, वरण-भात, उसळ-भात. अलीकडे पाककृतींत नाचणीसत्त्वाचं नाव आलं, त्याचं मी स्वागत करते. पण ते सगळीकडे एकसारखं आलं, आणि वारंवार मिळायची व्यवस्था झाली नाही. पाटणच्या मुलाच्या आजोबांच्या कणगीत नाचणी असताना त्याच्या शाळेला नाचणीची वाट बघावी लागते. १०० ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं; तांदळात ते दहाच्या आसपास. ज्या डोंगरवाडीत दूध मुलांच्या वाट्याला क्वचित येतं, तिथे हा फरक हाडांत उतरतो.

मला विचारलं जातं, शाळेत भाकऱ्या कोण थापणार? प्रश्न रास्त आहे. दोन मदतनीस बायकांनी साठ-सत्तर मुलांसाठी रोज भाकऱ्या थापायच्या, तेही त्यांना मिळतं तेवढ्या मानधनात, ही मागणी मी करणार नाही. पण ज्वारी-बाजरी म्हणजे फक्त भाकरी नव्हे. आपल्याकडे कण्या आहेत. ज्वारीवर पाण्याचा हलका हात फिरवून ती गिरणीत जाडसर भरडायची, चाळून पीठ वेगळं काढायचं, उरलेल्या कण्या धुऊन उकळत्या मिठाच्या पाण्यात वैरायच्या आणि झाकण ठेवून मंद शिजवायच्या. भातापेक्षा वेळ थोडा जास्त लागतो. पण भांडं तेच, चूल तीच, डाव तोच. वरून ताक घालून, किंवा डाळ आणि लसणाची फोडणी देऊन मुलं वाडगा पुसून खातात. मी वाढून बघितलं आहे. बाजरी ओलसर करून, सडून, कोंडा पाखडून केलेली मुगाच्या डाळीची खिचडी थंडीत फार चांगली लागते. डोंगरात नाचणीची आंबील. माणमध्ये मटकीची उसळ आणि महिन्यातून दोन-चारदा हुलग्याचं माडगं. हे सगळं एका पातेल्यात होतं. चाळून निघालेलं पीठ वाया जात नाही, त्याची उकड होते.

लोकांना गहू-तांदूळच आवडतो, मुलं चपातीचा डबा मिरवतात आणि भाकरीचा लपवतात, हा दुसरा आक्षेप. हे मी डोळ्यांनी बघितलं आहे, म्हणून नाकारत नाही. पण आवड कुठून आली तेही बघा. जे धान्य सरकार देतं ते मोठ्या लोकांचं, आणि जे आपल्या रानात येतं ते अडल्यावर खायचं, हे मुलाला आपण वर्षानुवर्षं रोज दुपारी शिकवलं. एका शाळेत आम्ही संक्रांतीच्या आठवड्यात पालकांकडून बाजरी गोळा करून खिचडी केली होती. त्या आठवड्यात चपातीवाल्या मुलांनी भाकरीवाल्यांच्या डब्यात हात घातला. शाळेच्या ताटात जे येतं त्याची मुलांना लाज वाटत नाही.

आणि गरिबांनी भरड धान्य खावं, गहू-तांदूळ इतरांसाठी असू द्यावा, असं कुणी माझ्या पत्रातून काढू नये. माणच्या माणसाने बाजरी खाल्ली कारण त्याला पर्याय नव्हता, हे खरं आहे. उरमोडी धरणाचं, जिहे-कठापूर उपसा योजनेचं पाणी तालुक्याच्या काही भागात पोचलं, तिथे लोकांनी ऊस लावला, गहू केला, आणि ताट बदललं. पाणी आलं, म्हणून माणसाने नवं खाणं निवडलं; तो त्याचा हक्क आहे. माझं म्हणणं पाणी न पोचलेल्या गावांबद्दल आहे. तिथे हवामान तेच आहे, जमीन तीच आहे, फक्त दुकानातलं पोतं बदललं. दुकानात दोन्ही ठेवा आणि कुटुंबाला दर महिन्याला निवडू द्या. अंगठा लावून धान्य मिळतंच. त्याच यंत्रावर गहू की शाळू, तांदूळ की नाचणी एवढं विचारता येईल. कुणी काय निवडलं याची नोंद आपोआप होईल आणि पुढच्या वर्षी किती खरेदी करायची तेही कळेल.

कोरेगावच्या उत्तरेकडच्या गावांत वाघ्या घेवडा होतो. त्याला भौगोलिक मानांकन आहे, आणि तो बहुतेक उत्तर भारताच्या बाजारात राजमा म्हणून जातो. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीलाही मानांकन आहे. हवामानाचं मोल आपण बाजारासाठी ओळखलं, त्याला शिक्का दिला, हे चांगलंच झालं. त्याच जिल्ह्याच्या रोजच्या खाण्याला तेवढं मोल द्यायला कायदा बदलावा लागत नाही.

करायचं काय, तेही लिहिते. बाजरी दसऱ्याच्या आगेमागे खळ्यावर येते, नाचणी-वरी दिवाळीच्या सुमारास आणि शाळू फेब्रुवारी-मार्चमध्ये. खरेदी केंद्रं या तीन वेळा धरून त्या त्या तालुक्यात उघडली, तर माल तिथेच घेता येईल, तिथल्याच गोदामात ठेवता येईल आणि तिथल्याच दुकानांना, शाळांना देता येईल. धान्याचा परराज्यातून येण्याचा प्रवासही वाचेल. शाळूला हायब्रीडपेक्षा ठळकपणे जास्त भाव द्यावा लागेल. केंद्र देत नसेल तर राज्याने बोनस द्यावा. आणि प्रतवारी ठरवताना प्रयोगशाळेच्या अहवालाबरोबर भाकऱ्या थापणाऱ्या दोन बायकांनाही बोलवा. पीठ मळून त्या तिथल्या तिथे सांगतील.

सगळ्या राज्यात एकदम करा असं माझं म्हणणं नाही. पाटण आणि माण हे दोन तालुके घ्या, एक वर्ष करून बघा. शाळूची काढणी फेब्रुवारीत सुरू होते, म्हणजे खरेदीचा आदेश जानेवारी संपायच्या आत तालुक्याला पोचायला हवा. उशीर झाला की माल व्यापाऱ्याच्या गाडीत चढलेला असतो. शाळांसाठी कण्या, बाजरीची खिचडी, आंबील आणि माडगं यांच्या पाककृती आणि शंभर मुलांसाठीची मापं मी लिहून ठेवली आहेत. मदतनीस बायकांना प्रत्यक्ष करून दाखवायला मी आणि माझ्याबरोबर निवृत्त झालेल्या शिक्षिका कुठल्याही शाळेत यायला तयार आहोत. दिवस आपण कळवावा.

आपली विश्वासू,
सातारा जिल्ह्यातील एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका